दिवसाढवळ्या नेलेले मेंढे

डाकारहून बामाकोला जाणारी गाडी आमच्या दिबोलीत थांबायची तेव्हा माझ्या कढईला उसंत नसायची. चवळीची भजी तळून तळून हात भाजायचे, आणि डब्यांच्या खिडक्यांतून बाहेर आलेला एकही हात रिकामा परत जायचा नाही. मग गेल्या पावसाळ्यात डाकारच्या आणि बामाकोच्या पुढाऱ्यांचं बिनसलं. दोघांनी मिळून एक देश मांडला होता, तो धड नांदलाही नाही. सेनेगलवाले म्हणाले, आम्ही निघालो. आमचे म्हणाले, निघा, आणि पुन्हा आमच्या दारात पाऊल ठेवू नका. झालं! फालेमे नदीवरच्या रेल्वेपुलाला या टोकाला आमचा आडवा दांडा बसला, पलीकडच्या टोकाला, किदिरात, त्यांचा. गाडी बंद. माणसांनी नातेवाइकांकडे पायी जायला हरकत नव्हती, पण डोक्यावर गाठोडं दिसलं की परत फिरवायचे.

मी चिडकी आहे, गाव मला तसंच ओळखतं, पण मला सांगा, यात न चिडण्यासारखं काय आहे? मीठ पिकतं काओलाकला. आमच्या पुलावरून सरळ रुळांनी गेलं की काओलाक. ते मीठ आता आम्हाला चालत नाही म्हणे. आमचं मीठ आता आयव्हरी कोस्टच्या बंदरात उतरतं, तिथून ट्रकनं बामाकोला, बामाकोहून गाडीनं कायेसला आणि कायेसहून गाढवानं नाहीतर कुणाच्या तरी मेहेरबानीनं दिबोलीत. सगळा देश फिरून आलेलं ते मीठ पोचतं तेव्हा त्यात निम्मी वाळू असते आणि भाव असा की बायका चिमटीनं घेतात. साखरेचं तर बोलूच नका. चहा आम्ही तीनदा उकळून पितो, पहिला कडू, मग गोड, मग आणखी गोड. यंदा तिन्ही कडू. हे सगळं ठरवणारे बामाकोत बसून उंटावरून शेळ्या हाकतात.

शेळ्यांवरून आठवलं, गोष्ट मेंढ्यांची सांगायची आहे. माझी वहिनी कांकू. माझा भाऊ रेल्वेत होता, तो गेल्यापासून ती मेंढे पोसते. आमच्याकडे बऱ्याच बायका अंगणात एखादा मेंढा बांधतात, पण कांकूवहिनीसारखे कुणाचे नाहीत. भुईमुगाचा पाला ती स्वतः निवडून घालते, साबणानं अंघोळ घालते, उन्हातून आल्यावर पाय तपासते. तबास्कीच्या ईदेला डाकारच्या घराघरांत मेंढा लागतोच, ज्याच्या दारात मेंढा नाही त्याची बायको शेजारणीला तोंड दाखवत नाही. दरवर्षी ईदेआधी व्यापारी गाडीनं यायचे, वहिनीचे मेंढे डब्यात चढायचे, आणि त्यावर तिचं वर्ष निघायचं. धान्य, मीठ, सुकी मासळी, लेकींची लुगडी, सगळं त्या मेंढ्यांच्या पाठीवर.

यंदा नऊ होते. आणि दिबोलीपासून कायेसपर्यंत प्रत्येक अंगणात असेच पोसलेले मेंढे ओरडत उभे होते, घेणारा कुणी नाही. नदीपलीकडे उलटं. तिथे मेंढा दिसला तर माणसं रस्त्यात थांबून हात जोडतील अशी परिस्थिती. एकदा ईद उलटली की पोसलेल्या मेंढ्याला बकरीचाही भाव येत नाही. म्हणजे वहिनीपुढे ईदेपर्यंतचेच दिवस होते.

लासाना नावाचा एक माणूस आहे गावात. पूल बंद झाल्यापासून त्याच्या घराला पत्रे चढले. मे महिन्यात फालेमे गुडघाभर असते, तो खालच्या अंगाच्या उतारानं काळोखात माल नेतो. संध्याकाळी तो वहिनीच्या अंगणात आला, मेंढ्यांच्या पाठी चाचपल्या.

"भाभी, सगळे घेतो. तिसरा हिस्सा देईन."

"तिसरा हिस्सा कशाचा? माझ्या मेंढ्यांचा की तुझ्या अकलेचा?" वहिनी म्हणाली.

"जोखीम आहे यात. परवा पोलिसांनी गोळी झाडली."

"मग दिवसा जा ना. दिवसा गोळी झाडत नाहीत, शिव्या देतात. शिव्या मला येतात."

लासाना हसला. "दिवसा? पुलावरून? डोकं फिरलंय तुझं."

"लासाना, ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी रीत नाही. मी मेंढे चोरलेले नाहीत, पोसलेत. काळोखात नेले तर उद्या माझ्या लेकीच मला चोर म्हणतील. चल, हात काढ त्या मेंढ्याच्या पाठीवरून, तुझ्या हाताचं तेल लागेल."

तो गेल्यावर मी तिला म्हटलं, "वहिनी, तिसरा हिस्सा तर तिसरा हिस्सा. वर्ष कसं काढशील?"

"उद्या दुपारच्या नमाजानंतर पुलावर जायचंय," ती म्हणाली. "तू येणार का मी एकटी जाऊ?"

आता मी कशी नाही म्हणणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा ऊन असं होतं की रुळांवर नजर ठरत नव्हती. पुढचा शिंगाळ मेंढा वहिनीच्या हातात दोरीला, बाकीचे त्याच्यामागे, शेवटी मी काठी घेऊन. धुतलेले, पांढरेशुभ्र मेंढे बघून सगळं दिबोली मागे आलं. लासानाही आला. फजिती बघायला कोण चुकतं?

दांड्याजवळ चहाची किटली घेऊन बसला होता झान. तिशीही न गाठलेला पोलीस, तिकडे सेगूकडचा, कुळानं जारा. आणि वहिनी माहेरची त्राओरे. आमच्याकडे बाई लग्न झालं तरी आपलं कुळ सोडत नाही. त्राओरे आणि जारा यांचं नातं चेष्टेचं, पणज्यांच्या पणज्यांनी लावून दिलेलं. त्राओरेनं जाराला गुलाम म्हणायचं, जारानं त्राओरेला. दोघांनी एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं. चारचौघांत एकानं काही मागितलं तर दुसऱ्यानं द्यायचं, आणि काहीही झालं तरी रागवायचं नाही. जो रागावला त्याची नाचक्की, ती नातवंडांपर्यंत पुरते. नदीपलीकडे जाराला न्जाय म्हणतात, बाकी सगळं तेच.

"आली का माझी गुलाम," झान दुरूनच ओरडला. "आणि नऊ नातेवाईक घेऊन आली."

"नातेवाईक तुझे आहेत, तोंडावरून कळतंय," वहिनी म्हणाली. "ऊठ, मालकिणीला बसायला दे."

तो हसत उठला. वहिनी त्याच्या तिवईवर बसली.

"चहा."

त्यानं चहा दिला. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू. तुझ्या सरकारसारखा."

माणसं हसली. झान हसला, पण मग तो जरा वाकून हळू बोलला. "मावशी, चेष्टा चेष्टेच्या जागी. मेंढे जाऊ देता येणार नाहीत मला. माल बंद आहे, वरून हुकूम आहे. तुम्ही एकट्या जा, हवं तर दिवसभर बसा पलीकडे."

"मी एकटी जाऊन काय करू? त्यांना मेंढा हवाय, म्हातारी नकोय."

"माझा इलाज नाही."

"बरं," वहिनी म्हणाली, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "टोपी दे तुझी."

गर्दीत खसखस पिकली. झाननं मागे बघितलं, पुढे बघितलं. दिबोलीतलं एकूण एक माणूस त्याच्याकडे बघत होतं. सेगूचा कुणी जारा त्राओरेला टोपी नाही म्हणाला, हे कायेसपर्यंत जायला एक दिवस पुरला असता. शिवाय त्याला वाटलं, म्हातारी टोपी घालून दोन पावलं नाचेल, लोक हसतील, विषय संपेल. त्यानं टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली आणि खाडकन सलाम ठोकला. "हुकूम, साहेब!"

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. वहिनी हसली नाही. तिवईवरून उठून तिनं टोपी सरळ केली.

"दांडा वर कर," ती म्हणाली.

हसू थांबलं. मी झानच्या तोंडाकडे बघत होते. पुढे लोकांनी सांगितलं की त्या भोळ्या पोराला बाईनं फसवलं. खोटं आहे. तो भोळा नव्हता. काय मागितलं जातंय आणि त्याची किंमत काय हे त्याला लख्ख कळलं होतं. तो चिडला असता, किंवा नुसतं "पुरे" म्हणाला असता, तर वहिनीला मागे फिरावं लागलं असतं. त्यानं घाम पुसला, दांड्याच्या टोकाला लोंबणाऱ्या दगडावर हात ठेवला आणि तो दगड खाली दाबला. दांडा वर गेला.

"जा सिरा," वहिनी मला म्हणाली. "घेऊन जा."

पुलावर रुळांच्या कडेनं चालायला फळ्या आहेत. शिंगाळ्याची दोरी धरून मी पुढे झाले. पलीकडून किदिराचा कस्टमवाला बिराम न्जाय त्याच्या टोकाला उभा राहून बघत होता. हा बिराम पूर्वी गाडीत माझी भजी फुकट खायचा, ओळखीचा माणूस. पुलाच्या मध्यावर चुन्याची एक रेघ मारलेली आहे, अलीकडे आम्ही, पलीकडे ते. रेघ चार पावलांवर आली आणि मागे जीपचा भोंगा वाजला.

कायेसचे बागायोको साहेब तपासणीला आले होते. आजवर प्रत्येक वेळी वरातीमागून घोडं, आणि नेमके आजच वेळेवर. "थांबा!" ते ओरडले. मी थांबले. काय करणार, त्यांच्या कमरेला पिस्तूल होतं. ते फळ्यांवरून झपाझप आले, मागे वहिनी टोपीसकट, तिच्या मागे बोडक्या डोक्याचा झान, आणि दांड्यापाशी अख्खं गाव.

"हे काय चाललंय? दांडा कुणी उघडला?"

"मी," झान म्हणाला.

"मी," वहिनी म्हणाली. "खोटं बोलतोय तो. गुलामाची जात."

"चवळीखाऊ म्हातारीचं ऐकू नका साहेब, मीच उघडला."

"गप्प बसा दोघं!" साहेब म्हणाले. "जारा, मेंढे मागे घे."

झान जागचा हलला नाही. "साहेब, माझ्या डोक्यावर टोपी नाही. टोपी त्यांच्याकडे आहे."

साहेबांचा चेहरा लाल झाला. पण माणूस मूर्ख नव्हता. आवाज खाली आणून ते वहिनीला म्हणाले, "बाई, हा कुळांचा तमाशा जुन्या काळाचा. इथे आता त्राओरे नाही, जारा नाही. सगळे नागरिक. दुश्मन देशाला माल विकायचा नाही, हा कायदा आहे. तरी मी तुमच्या वयाकडे बघतो. इतकंच करा. सगळ्यांसमोर म्हणा, ही चेष्टा होती, हा पोरगा माझा कुणी लागत नाही. टोपी परत द्या, मेंढे घेऊन घरी जा. मी काही पाहिलं नाही. नाहीतर मेंढे जप्त आणि याची वर्दी उतरली."

नऊ मेंढे, वहिनीचं वर्ष आणि त्या पोराची नोकरी, सगळं त्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं. आणि वाक्य काय अवघड होतं? कुणी लागत नाही. मी असते तर म्हटलं असतं, लपवत नाही. वहिनीनं झानकडे बघितलं.

"म्हण की," झान म्हणाला. "म्हणून तर बघ, चवळीखाऊ. सात पिढ्या तुझ्या कुळाला पुलावर उभं करून हसतील." तो हे बोलताना हसत होता आणि त्याच्या गळ्याची शीर उडत होती.

वहिनी साहेबांकडे वळली. "साहेब, तुम्ही शिकलेले. तुम्ही मोठ्या लोकांनी डाकारला बसून एक देश केला, एका रात्रीत तो मोडला. मोडा. तुमचा होता. त्राओरे आणि जारा तुम्ही केलेलं नाही, ते तुम्हाला मोडता येणार नाही. हा माझा गुलाम आहे. मेला तरी माझाच राहील. आणि पलीकडचे लोक दुश्मन आहेत हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं, त्याआधी ते माझे गिऱ्हाईक होते. मी नाही म्हणत."

मग रेघेच्या पलीकडून कुणीतरी टाळी वाजवली. बिराम न्जाय चालत रेघेपर्यंत आला होता, काखेत भुईमुगाच्या पाल्याची पेंढी.

"साहेब, सलाम," तो बागायोकोंना म्हणाला. "तुमच्या भांडणात मी पडत नाही. पण ही बाई त्राओरे, मी न्जाय. म्हणजे ही माझी गुलाम. गुलामाचे मेंढे कुणाचे? मालकाचे." आणि त्यानं पेंढी सोडून रेघेपलीकडे पसरली.

सकाळपासून उपाशी मेंढे. वहिनीनं मुद्दाम उपाशी ठेवले होते, पोट भरलेला मेंढा पुलावर बसकण मारतो म्हणून. शिंगाळ्यानं हिसडा दिला, दोरी माझ्या हातातून सुटली, आणि मी ती फार घट्ट धरली होती असंही नाही. आठ जण त्याच्यामागे. डोळ्याची पापणी लवायच्या आत नऊच्या नऊ सेनेगलमध्ये पाला खात होते.

साहेब रेघेपाशी थांबले. पलीकडे पाऊल टाकणं म्हणजे दुसरीच लढाई. मग ते हसले. "वा! बघा बाई. हे तुमचे नातेवाईक. सेनेगलच्या कस्टमनं दिवसाढवळ्या तुमचे मेंढे हडपले. आता बसा रडत." खरं तर त्यांची सोय झाली होती. त्यांना वरती कळवायला बरं, मेंढे सेनेगलनं लुटले.

वहिनीला त्यांनी पुलावर पाय ठेवायची बंदी केली. टोपी मागितली तेव्हा तिनं ती त्यांच्या हातात दिली नाही, झानच्या डोक्यावर ठेवली. मग झाननं स्वतःच ती काढली, वर्दीची बटणं सोडली आणि सगळं साहेबांच्या जीपवर नीट घडी करून ठेवलं. बनियनवर उभा राहून तो वहिनीला म्हणाला, "आता जेवायला घाल, मालकीण." ती त्याला घेऊन घरी आली.

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. रोज लासाना माझ्या कढईपाशी येऊन विचारायचा, "काय गं, सेनेगलहून काही निरोप?" गावानं ठरवूनच टाकलं होतं की बिराम मेंढे विकून मोकळा झाला. चेष्टेतलं नातं कुठे पैशात टिकतं का, असं शहाणी माणसं म्हणत होती. तबास्की आली. मेंढे पोसणाऱ्या बाईच्या अंगणात मेंढा नाही. शेजाऱ्यांनी मटण पाठवलं, ते वहिनीनं मिठावाचून शिजवलं, कारण मीठ घ्यायला काही नव्हतं. झानही तेच जेवला. मी बिरामला इतक्या शिव्या दिल्या की वहिनीनं ओढून मला आत नेलं.

"कुणाला शिव्या देतेस?"

"त्या चोराला."

"त्यानं चारचौघांत घेतलेत सिरा," ती म्हणाली. "चोर असे घेत नाहीत." पण त्या दिवशी तिलाही घास गेला नाही, मी बघितलं.

ईद होऊन आठवडा होत आला असेल. भर उन्हात पुलाकडून आरोळी आली. "ए चवळीखाऊंनो! ए त्राओरे गुलामांनो! मालक दारात उभा आहे आणि सगळं गाव झोपलंय का?"

आम्ही धावलो. पुलाच्या मध्यावर, बरोबर रेघेपाशी, बिराम उभा होता. त्याच्या मागे गाढवं, आणि रेघेवर ओळीनं रचलेली पोती. काओलाकचं मीठ. साखर. वासानंच ओळखू आलेली सुकी मासळी. वरती कापडाचे तागे आणि त्यांत बांधलेलं एक पुडकं, नोटांचंच असणार.

"आठ विकले," बिराम ओरडला. "नववा मी खाल्ला. गुलामाचा होता."

वहिनी दांड्याच्या अलीकडेच थांबली, बंदी होती ना. तिथूनच ओरडली, "हाड नाही का अडकलं घशात?"

"अडकलं असतं, पण मऊ होता. पुढच्या वर्षी असेच आण."

मी बघितलं, वहिनीचे डोळे भरले होते आणि ती शिव्या देतच होती. मीही रडत होते, मला त्याची लाज नाही.

पण पोती होती पुलाच्या मध्यावर, आणि दांड्याशी उभा होता नवा पोलीस. बागायोको साहेबांनी निवडून पाठवलेला. सक्त ताकीद देऊन पाठवलेला. जारा नको, न्जाय नको, त्राओरेंशी काडीचा संबंध नसलेला माणूस हवा, असं त्यांनी कायेसच्या कचेरीत म्हटलं होतं म्हणे. पोरगा दांड्यावर दोन्ही हात ठेवून ताठ उभा होता. "मागे व्हा. माल येणार नाही," तो म्हणाला.

झान पुढे होऊ लागला. वहिनीनं त्याला हातानं मागे सारलं आणि त्या नव्या पोराकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बाळा, आडनाव काय तुझं?"

तो जरा घुटमळला. "कुलिबाली."

गर्दीत आधी कुणाला खरं वाटेना. मग आमचा आंधळा म्हातारा इमाम पहिला हसला, आणि मग सगळं दिबोली हसू लागलं. आता तुम्हाला सांगते, कुलिबाली म्हटलं की आमच्या देशात असं कुळ नाही ज्याला त्याची चेष्टा करायचा हक्क नाही. केईता असो, त्राओरे असो, सिसोको असो, जो येतो तो कुलिबालीला चवळीखाऊ म्हणतो. बागायोको साहेबांनी कायेसभर एक माणूस शोधला, आणि सापडला तो सगळ्या गावाचाच निघाला.

बायका त्याच्या भोवती गोळा झाल्या. "चवळ्या खाल्ल्यास का रे आज?" "कुलिबालीचं पोट बघा, आत नुसत्या चवळ्या." "तिवई दे." "चहा दे, माझ्या गुलामा." पोरींनी त्याची शिट्टी पळवली. पोराच्या तोंडाचे कोपरे हलायला लागले, आवरता आवरेनात, आणि त्यानं पटकन दोन्ही हातांनी डोक्यावरची टोपी घट्ट धरली. टोपीची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती.

दांड्यावरचे त्याचे हात सुटले तसा झान वाकून पलीकडे गेला, आणि त्याच्यामागे गावातल्या बायका, एकेक करून, रिकाम्या टोपल्या घेऊन.

वहिनी दांडा ओलांडून गेली नाही. ती त्या पोराजवळ गेली आणि त्याच्या टोपीवरची धूळ पदरानं पुसली.

"टोपी राहू दे, बाळा," ती म्हणाली. "आज आम्हाला फक्त मीठ हवंय."